मळखाऊ रंग

गेले दोन महिने इथे काही लिहिलं नाही. दोघा-तिघांनी मेल टाकून विचारलंही, "काय गं, आहेस ना?" आहे. ठणठणीत आहे. फक्त एका भिंतीच्या मागे लागले होते. डोंबिवलीच्या घरातल्या एका तपकिरी भिंतीने माझे जुलै-ऑगस्ट खाल्ले. आज लिहायला बसलेच आहे तर सगळंच सांगते. लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

तर ही भिंत. बाहेरच्या खोलीत, कॉटला लागून आहे. बाबा २००७ साली रिटायर झाले तेव्हा त्यांनी स्वतः पसंत करून ती रंगवून घेतली. बाकीच्या तीन भिंती ऑफ-व्हाइट आणि ही एकच गडद तपकिरी. 'एक भिंत वेगळी' ही फॅशन तेव्हा नुकतीच आमच्यासारख्यांच्या घरापर्यंत पोचली होती. पण लोक लाल करायचे, केशरी करायचे, फार तर हिरवी. बाबांनी तपकिरी निवडला. आई म्हणाली, "अहो, ही भिंत आहे की गुळाची ढेप?" मी पुण्याहून आले तेव्हा मीही नाक मुरडलं. "बाबा, अंधार वाटतो हो." त्यावर बाबांचं उत्तर एका शब्दाचं. "मळखाऊ आहे."

ज्यांचं बालपण माझ्यासारख्या घरात गेलं त्यांना ह्या शब्दाचं वजन सांगायला नको. आमच्याकडे दप्तरं मळखाऊ, सोफ्याची कव्हरं मळखाऊ, माझे दिवाळीचे फ्रॉकसुद्धा मळखाऊ. दिसायला छान हा निकष नंतरचा.

आणि गंमत बघा, त्याच मळखाऊ भिंतीवर बाबांनी स्वतःचाच डाग उमटवून ठेवला. रोज सकाळी कॉटवर मांडी घालायची, डोकं मागे भिंतीला टेकवायचं आणि पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायचा. डोक्याला खोबरेल. बारा वर्षं. त्याचा ताटलीएवढा काळपट गोल झाला, कडेला पुसट होत गेलेला. आई रोज ओरडायची, "मागे उशी घ्या." बाबा रोज "हो" म्हणायचे. २०१९ मध्ये बाबा गेले. डाग राहिला.

२०२५ च्या जूनमध्ये वरच्या मजल्याची पाइपलाइन गळायला लागली आणि प्लंबरने नेमकी हीच भिंत फोडली. खालचा उजवा कोपरा, साधारण दीड बाय दोन फूट. गळती थांबली, सिमेंट भरून झालं, आणि तपकिरी भिंतीवर एक राखाडी चौकोन उरला.

मी पुण्यात बसून फोनवर सगळं ठरवून टाकलं. पेंटर ठरवला, तारीख ठरवली, रंगसुद्धा ठरवला. "आई, आता बदलूनच टाकू सगळी भिंत. छान फिकट काहीतरी करू, खोलीत उजेड येईल." आई म्हणाली, "बघू." आमच्याकडे 'बघू'चा अर्थ 'नाही' असा होतो हे पन्नाशीला आले तरी माझ्या लक्षात राहत नाही.

शनिवारी डोंबिवलीला पोचले तर आईने आपली खुर्ची बरोबर त्या डागाखाली आणून ठेवली होती. म्हणाली, "ही वरची बाजू राहू दे. खालचं काय ते करा."

"अगं, अर्धीच भिंत कशी रंगवणार? ठिगळ दिसेल."

"दिसू दे."

मग माझा आवाज चढला. प्रवासाने दमले होते वगैरे कारणं आहेत, पण ती कारणंच. मी म्हणाले, "आई, तो तेलाचा डाग आहे गं. बाबा नाहीत."

आई काही बोलली नाही. आत जाऊन कुकर लावला आणि देवासमोर जाऊन बसली. तीन शिट्ट्या झाल्या, चार झाल्या, पाच झाल्या, ती उठेना. शेवटी मीच जाऊन गॅस बंद केला.

त्या रात्री ठरवलं. वरच्या भिंतीला हात लावायचा नाही. तोच रंग आणायचा आणि तेवढा चौकोन बुजवायचा. मला वाटलं, त्यात काय! दुकानात जायचं, नंबर सांगायचा, डबा घ्यायचा.

नंबर मिळाला. बाबांच्या हिशेबाच्या वहीत २००७ च्या ऑक्टोबरच्या पानावर सगळं टिपलेलं होतं. कंपनी, रंगाचं नाव, शेड नंबर, '४ लि.', पेंटरची मजुरी. आणि शेवटी कंसात '(सौ. ना पसंत नाही)'. हिशेबाच्या वहीत! मी एकटीच हसत बसले.

दुकानात मात्र हसू मावळलं. ती शेड आता कार्डावर नव्हती आणि ज्या प्रकारच्या रंगात ती यायची तो प्रकारही त्या कंपनीने बंद केला होता. कंपनीचं नाव लिहीत नाही, अठरा वर्षांत कोणीही बदलणारच. दुकानदार म्हणाला, "मॅडम, दुसऱ्या कंपनीत जवळची बघा ना," आणि त्याने चार कंपन्यांची शेड कार्डं समोर पसरली.

एवढे तपकिरी मी आयुष्यात पाहिले नव्हते. कॉफीचे, चॉकलेटचे, अक्रोडाचे, दालचिनीचे, कुठल्या कुठल्या वाळवंटांचे. आपल्याकडे तरी काय, 'तपकिरी' म्हणजे तपकिरीसारखा, नाकात ओढायच्या! माझ्या आजोबांची तपकिरीची डबी होती, त्यातली पूड आणि ही भिंत ह्यांचा काही संबंध नाही. मग बदामी, मातकट, विटकरी, चॉकलेटी, पिंगट... प्रत्येक शब्द कुठल्यातरी वस्तूला धरून, आणि वस्तू प्रत्येकाच्या घरची वेगळी.

मी भिंतीचा फोटो मोबाइलवर घेऊन गेले होते. (हसू नका.) त्यावरून एका कंपनीची एक शेड पक्की केली, एक लिटरचा डबा घेतला, घरी एका पुठ्ठ्यावर दोन हात मारले, वाळल्यावर भिंतीला लावून पाहिलं. जांभळा! चक्क वांग्याचा रंग.

हे असं का होतं त्याचा मग मी नाद घेतला. इंद्रधनुष्यात तपकिरी नाहीच, हे तुमच्या कधी लक्षात आलंय का? तपकिरी म्हणजे खरं तर अंधारलेला नारिंगी. आजूबाजूला त्याहून उजळ काही असेल तेव्हाच डोळा त्याला तपकिरी म्हणतो. काळ्या कागदाची सुरनळी करून तिच्यातून तपकिरी वस्तूचा चांगल्या उजेडातला तुकडा बघा, तो नारिंगीकडे झुकलेला दिसेल. म्हणजे हा रंग शेजाऱ्यांवर अवलंबून. शेड कार्डावरची चिकटी काडेपेटीच्या निम्मी आणि भोवती पांढराशुभ्र कागद, त्यामुळे ती असते त्याहून गडद वाटते. शिवाय तपकिरी चहूबाजूंनी घसरू शकतो. लाल जरा जास्त झाला की विटकरी, पिवळा झाला की मोहरीसारखा, काळा झाला की राखाडी. पांढऱ्यात एवढं-तेवढं खपून जातं, ह्यात नाही.

आमचे पेंटरकाका हे सगळं न वाचता जाणतात. चाळीस वर्षं ब्रश हातात आहे. त्यांनी माझा वांगी डबा पाहिला आणि म्हणाले, "ताई, फोटोवरून रंग घ्यायचा नसतो. आणि कार्डावरून पण नाही घ्यायचा, भिंतीवरून घ्यायचा." पूर्वी काका स्टेनरच्या बाटल्या घेऊन बसायचे. पांढऱ्या रंगात थेंब थेंब टाकत, काडीने ढवळत, भिंतीवर बोटाने टिपका लावून वाळू द्यायचे. ओला प्लास्टिक पेंट दुधट असतो, त्यामुळे फिका दिसतो आणि वाळला की गडद होतो. म्हणून ओला रंग जुळला की समजायचं, चुकला. "आणि काळा शेवटी," काका म्हणाले. "काळ्याचा एक थेंब जास्त पडला की परत येता येत नाही."

लहानपणी रंगाच्या दुकानाच्या पाटीवर एक झिपऱ्या पोरगा असायचा, हातात डबा आणि ब्रश घेतलेला, आठवतो? एशियन पेंट्सचा गट्टू. आर. के. लक्ष्मण यांनी १९५४ साली काढलेला. त्याच्या काळात कार्डावर मोजकेच रंग असत आणि बाकीचे अशा पेंटरकाकांच्या काडीवर. आता दुकानात मशीन असतं. डब्यात आधी नुसता 'बेस' असतो, रंगासाठी थोडी जागा सोडून भरलेला. फिक्या रंगांचा बेस पांढराफेक, गडद रंगांचा जवळजवळ पारदर्शक. मशीन त्यात काळा, लाल ऑक्साइड, पिवळा ऑक्साइड वगैरे ठरलेल्या मापाने सोडतं आणि डबा गदागदा हलवतं. मी आपली विचारून बसले, "मग बाबांच्या शेडची मापं शोधून दुसऱ्या कंपनीच्या मशीनवर टाकली तर?" तर नाही चालत. ह्या कंपनीचा बेस निराळा, त्या कंपनीचा निराळा, रंगद्रव्यांची ताकदही निराळी. दुसऱ्याच्या घरच्या वाटीने आपली आमटी केल्यासारखं.

उपाय एकच, भिंतीचा तुकडा नेऊन यंत्रापुढे धरायचा. नशिबाने प्लंबरने फोडलेलं डबर आईने अजून टाकलं नव्हतं. (आई काहीच टाकत नाही. आजवर मी ह्यावरून किती बोललेय!) गोणीत हात घातला तर प्लास्टरच्या तुकड्यांवर रंगाचे पापुद्रे एकावर एक. सगळ्यात वर तपकिरी, खाली क्रीम, त्याखाली आकाशी, आणि तळाला गुलाबी डिस्टेंपर. तो गुलाबी मला आठवत होता. त्याला पाठ लागली की फ्रॉक गुलाबी व्हायचा.

नाण्याएवढे दोन चांगले सपाट तुकडे निवडले, ओल्या फडक्याने पुसले आणि एका मोठ्या दुकानात गेले. तिथे स्पेक्ट्रोफोटोमीटर होता. नाव मोठं, यंत्र मुठीएवढं. ते तुकड्यावर उजेड टाकतं आणि ४०० ते ७०० नॅनोमीटरच्या पट्ट्यात कुठला प्रकाश किती परत आला ते मोजतं. त्यावरून रंगाचे तीन आकडे निघतात. एक उजळ-गडदचा, एक लाल-हिरव्याचा, एक पिवळ्या-निळ्याचा. ही पद्धत सीआयई ह्या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९७६ साली ठरवून दिली. दोन रंगांत फरक किती ते 'डेल्टा ई' ह्या आकड्याने सांगतात. एकच्या आसपास असेल तर डोळ्याला जेमतेम कळतो.

काउंटरवरच्या मुलाने दोन्ही तुकडे मोजले आणि म्हणाला, "मॅडम, हे दोन वेगळ्या भिंतींचे आहेत का?"

"नाही हो, एकाच भिंतीचे. एकाच कोपऱ्यातले."

"मग जवळजवळ चारचा फरक कसा?"

मी तुकडे उलटसुलट करून पाहिले आणि मग डोक्यात उजेड पडला. त्या कोपऱ्यात अर्ध्या भागापुढे पुस्तकांचं कपाट असायचं. एक तुकडा कपाटामागचा, एक उघड्यावरचा. कपाटामागे २००७ चा रंग जसाच्या तसा होता, गडद, लालसर. उघड्यावरचा फिका आणि मातकट झाला होता. रंगातले लोहाचे ऑक्साइड उन्हाला सहसा दाद देत नाहीत, पण लाल-पिवळ्यातले काही सेंद्रिय रंग हळूहळू उडतात. वर अठरा वर्षांची धूळ, आईच्या उदबत्त्यांचा धूर, फोडण्या.

म्हणजे मी ज्याच्या मागे महिनाभर फिरत होते तो 'बाबांचा रंग' ह्यातला कुठला? बाबांनी कार्डावर बोट ठेवून निवडला तो, की ज्याला डोकं टेकवून ते बसायचे तो? त्या दिवशी जुन्या कंपनीने जुन्या नंबरचा डबा माझ्या हातात ठेवला असता तरी तो भिंतीला जुळला नसता, हेही तिथेच कळलं. मी उगाच कंपनीवर चिडले होते.

मुलगा म्हणाला, "कुठला घेऊ?" मी आईला फोन लावला. सगळं समजावून सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, "कपाटामागचा कशाला? तो कोणी पाहिलाय? रोज दिसतो तो आण."

उघड्यावरच्या तुकड्यावरून दुसऱ्या कंपनीच्या बेसमध्ये एक लिटर रंग करून घेतला. ह्या वेळी शहाणपणा केला. पुठ्ठ्यावर दोन हात मारले, रात्रभर वाळू दिला, मग भिंतीला उभा चिकटवून दिवसातून तीनदा पाहिला. रात्री ट्यूब लावून पाहिलं तर पुठ्ठा सापडेना, इतका बेमालूम! मी नाचायचीच बाकी. सकाळी आठला खिडकीतून ऊन आलं आणि पुठ्ठा स्पष्ट दिसला, किंचित हिरवट.

ह्यालाही नाव आहे, मेटामेरिझम. दोन रंग वेगवेगळ्या द्रव्यांपासून बनलेले असले की एका उजेडात डोळ्याला सारखे वाटतात आणि दुसऱ्या उजेडात वेगळे. ब्रँड बदलला की हे बहुतेक वेळा थोडंफार होतंच, कारण आतली द्रव्यं तीच नसतात. त्यात भर म्हणजे २००७ ची ती जुनी ट्यूबही आता घरात नाही, एलईडी आली. म्हणजे आमच्या आठवणीतला तपकिरी निराळ्याच उजेडातला. दादाला अमेरिकेत व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर तो म्हणाला, "दोन्ही करडे दिसतायत." त्याला म्हटलं, तू गप्प बस :-)

पेंटरकाकांनी पुठ्ठा पाहून मान हलवली. "ताई, ह्याच्या पुढे जाऊ नका. ह्यापेक्षा जवळ आणाल, पण नव्याची चकाकी वेगळी दिसणारच." मग त्यांनी जे केलं ते बघण्यासारखं होतं. सिमेंटवर लांबी भरली, घासली, प्रायमर मारला. जुनी भिंत रोलरने मारलेली, तिच्यावर बारीक दाणा होता, म्हणून रंगही रोलरनेच मारला. चौकोनाची कड सरळ ठेवली नाही. रोलर जवळजवळ कोरडा करून कडेने बाहेर बाहेर पुसत नेला, जुन्यात विरेपर्यंत. उजवीकडे तो थेट कोपऱ्यापर्यंत आणि खाली स्कर्टिंगपर्यंत भिडवला, म्हणजे त्या दोन बाजूंना जोड उरलाच नाही.

काम करता करता काकांनी वरचा गोल पाहिला आणि सहज म्हणाले, "हा तेलाचा ना? बरं झालं ह्याला हात नाही लावला. सीलर न मारता रंगवला असता तर तेल नव्या रंगातून परत वर आलं असतं. जात नाही ते असं."

आई चहाचा कप घेऊन उभी होती. "आमच्याकडचं असंच आहे," ती म्हणाली. "हट्टी." आणि काकांना दुसरा कप आणायला आत गेली. मी मुकाट्याने वर्तमानपत्रं गोळा करायला लागले.

मला तिची माफी मागायची होती. आमच्या घरात तशी पद्धत नाही. रात्री जेवताना मी म्हटलं, "मी त्या दिवशी उगाच बोलले." ती म्हणाली, "आमटी घे अजून." झालं.

आता निकाल. संध्याकाळी ट्यूबखाली ठिगळ शोधून सापडत नाही. सकाळी आठ ते नऊ, ऊन येतं तेव्हा दिसतं, कुठे आहे ते माहीत असेल तर नक्कीच दिसतं. आईला विचारलं, खटकतं का? म्हणाली, "त्या वेळी मी आंघोळीला असते."

तर मंडळी, माझ्या दोन महिन्यांच्या तपश्चर्येचं फळ फुकट देते. रंग उरला तर डब्याच्या झाकणावरचा मापांचा कागद फेकू नका, फोटो काढून ठेवा. जुळवायचा असेल तर भिंतीचा तुकडा न्या, तोही उघड्यावरचा, पुसून. थोडाच रंग करून घ्या, पुठ्ठ्यावर मारा, पूर्ण वाळू द्या, दिवसाच्या तिन्ही उजेडांत बघा. आणि कोणाच्या भिंतीचा रंग फोनवरून ठरवू नका.

निघायच्या आदल्या रात्री बाबांची वही काढली. २००७ च्या त्या पानावर खाली थोडी जागा होती. तिथे नवी कंपनी, नंबर, '१ लि.', काकांची मजुरी, तारीख असं सगळं लिहिलं. आई शेजारी येऊन चष्मा लावून वाचायला लागली. बाबांच्या कंसापाशी थांबली. तिने तो आजवर पाहिलाच नव्हता.

"हे लिहून ठेवलं होतं होय त्यांनी!"

मला वाटलं, आता डोळ्यात पाणी येणार. तर ती वही मिटून माझ्या हातात देत म्हणाली,

"मग काय खोटं लिहिलंय? नव्हताच पसंत. अजूनही नाहीये."